पेशीचे बटण अडकते तेव्हा

नागपूरहून सावनेरच्या रस्त्याने निघाले की कोराडीच्या उंच चिमण्या दिसू लागतात. जगदंबेच्या देवळामुळे हे गाव पूर्वीपासून प्रसिद्ध होतेच. १९७४ साली येथील औष्णिक वीज केंद्राचा पहिला संच सुरू झाला आणि गावाला दुसरी ओळख मिळाली. आज तेथे प्रत्येकी ६६० मेगावॅटचे तीन मोठे संच आहेत.

अशा केंद्रातील टर्बाईन मिनिटाला ३००० फेरे घेते. त्यामुळेच आपल्या घरातील वीज सेकंदाला ५० आवर्तनांची असते. संध्याकाळी घरोघरी दिवे लागले की टर्बाईनवर भार पडतो व त्याचा वेग किंचित कमी होऊ लागतो. हा बदल ‘गव्हर्नर’ नावाच्या यंत्रणेला कळतो, ती वाफेची झडप थोडी अधिक उघडते आणि वेग सावरतो. रात्री दिवे मालवले की याच्या उलट घडते. वेग प्रमाणाबाहेर वाढलाच, तर झडप पूर्ण बंद होते. तेथील कर्मचाऱ्यांच्या भाषेत ‘संच ट्रिप होतो’.

आता अशी कल्पना करा, की दिवे मालवले गेले आहेत, वाफेची गरज नाही, पण ‘झडप उघडा’ हा निरोप देणारे बटण आत जाऊन अडकून बसले आहे. बिचाऱ्या झडपेचा काही दोष नाही. ती निरोपाप्रमाणेच वागते आहे. निरोपच खोटा आहे.

विद्यार्थी मित्रांनो, यकृतातील पित्तनलिकांच्या कर्करोगात जवळजवळ हेच घडते. (वीज केंद्राचा व या रोगाचा काही संबंध आहे असे येथे सुचवायचे नाही. उपमा फक्त नियंत्रणाची आहे.) हा रोग फार आढळणारा नव्हे, पण आढळतो तेव्हा बहुधा उशिरा आढळतो, म्हणून घातक ठरतो. पेशींना निरोप कसा मिळतो, तो कसा बिघडतो आणि तो बिघाड नेमका कोठे आहे हे कळल्यामुळे औषध कसे सापडले, हे समजून घेण्यासाठी मात्र याच्यासारखे दुसरे उदाहरण मिळणे कठीण.

पित्ताच्या नळ्या

आपल्या पोटात उजव्या बाजूला, बरगड्यांच्या आड, सुमारे दीड किलो वजनाचे यकृत असते. ते दिवसाला अर्धा ते एक लिटर पित्त तयार करते. पित्ताचे काम समजून घ्यायचे तर एका बाटलीत पाणी व थोडे गोडे तेल घालून हलवा. थोड्या वेळाने तेल पुन्हा वर येते. आता त्यात भांडी घासण्याच्या साबणाचे दोन-चार थेंब टाकून हलवा. तेलाचे बारीक बारीक थेंब होऊन ते पाण्यात पसरतात. आतड्यात तुपातेलावर पित्तातील क्षार असाच परिणाम करतात. शिवाय जुन्या तांबड्या रक्तपेशी मोडल्यावर उरणारे बिलिरुबिन हे पिवळे द्रव्यही पित्ताबरोबरच शरीराबाहेर टाकले जाते.

हे पित्त वाहून नेण्यासाठी यकृतात नळ्यांचे जाळे आहे. झाडाच्या डहाळ्या फांद्यांना आणि फांद्या खोडाला मिळतात, तशा केसाहूनही बारीक नळ्या एकत्र येत येत शेवटी एकच नळी होते. वाटेत तिला पित्ताशयाची नळी मिळते आणि ती लहान आतड्याच्या सुरुवातीला उघडते. या नळ्यांना आतून पेशींचे एकेरी अस्तर असते. यकृतातील शंभर पेशींपैकी या अस्तराच्या जेमतेम तीन ते पाच. आपल्या गोष्टीचा नायक हीच पेशी आहे, आणि खलनायकही तीच.

ही पेशी केवळ नळीची भिंत नव्हे. तिला एक बारीक केसासारखा तंतू असतो. तो नळीतील पित्तात डोकावून प्रवाहाचा अंदाज घेतो. ती पित्तात पाणी व बायकार्बोनेट मिसळते, आणि तेही सांगितल्यावरच. सांगणारा कोण, तर सिक्रेटिन! १९०२ साली लंडनमध्ये बेलिस व स्टार्लिंग या दोघांनी शोधलेले हे मानवाला माहीत झालेले पहिले संप्रेरक. जठरातील आंबट अन्न आतड्यात उतरले की आतड्याची भिंत रक्तात सिक्रेटिन सोडते. रक्तातून ते सगळीकडे जाते, पण यकृतात ते ऐकू येते फक्त पित्तनलिकेच्या पेशींना. कारण त्याच्या मापाचे कुलूप तेथे फक्त त्यांच्याजवळ असते.

निरोप आत कसा जातो?

पेशीभोवती चरबीयुक्त पातळ पटल असते. बाहेरून आलेल्या पुष्कळशा निरोप्यांना ते ओलांडता येत नाही. त्यांना दारातच थांबावे लागते. दारात असते ग्राही प्रथिन. त्याचे एक टोक पेशीबाहेर व दुसरे आत असते. निरोप्या बाहेरच्या टोकात बसला की आतल्या टोकाचा आकार बदलतो, आणि पुढची धावपळ आतली मंडळी करतात. पत्र देणारा पोस्टमन काही घरात येऊन स्वयंपाक करीत नाही.

ही आतली मंडळी पहिल्यांदा सापडली ती यकृतातच. अमेरिकेतील अर्ल सदरलँड यकृतातील साखरेवर काम करीत होते. अॅड्रिनॅलिन पेशीत न शिरताही पेशी साखर सोडू लागते, असे त्यांना दिसले. मग आत निरोप कोण नेतो? याचा छडा लावता लावता १९५० च्या दशकात त्यांना ‘सायक्लिक ए.एम.पी.’ हा छोटासा रेणू मिळाला. तो ‘दुसरा निरोप्या’ ठरला आणि १९७१ साली सदरलँड यांना नोबेल पारितोषिक मिळाले. सिक्रेटिनचा निरोप पित्तनलिकेच्या पेशीत याच रेणूमार्फत पुढे जातो.

वाढीचे निरोप थोड्या वेगळ्या वाटेने जातात. त्यांच्या शोधाची हकीकत गमतीची आहे. स्टॅनली कोहेन यांनी उंदराच्या लाळग्रंथींचा अर्क नुकत्याच जन्मलेल्या पिलांना टोचला. उंदराच्या पिलांचे डोळे एरवी बारा ते चौदा दिवसांनी उघडतात, या पिलांचे सातव्याच दिवशी उघडले! अर्कातील एक प्रथिन पापणीच्या त्वचेला ‘लवकर वाढ’ असे सांगत होते. या वाढ-घटकाच्या शोधाबद्दल कोहेन यांना १९८६ चे नोबेल मिळाले. असे अनेक वाढ-घटक पुढे सापडले. त्यांतील एफ.जी.एफ. या कुटुंबाची आपल्याला पुढे गरज पडणार आहे.

समजा, पित्तनलिकेला कोठे इजा झाली. शेजारच्या पेशी वाढ-घटक सोडतात. अस्तराच्या पेशीवरील दोन ग्राही प्रथिने त्यामुळे एकमेकांजवळ येऊन जोडी जमवतात आणि एकमेकांच्या आतल्या शेपटीला फॉस्फेटचा तुकडा चिकटवतात. हा फॉस्फेट येतो ए.टी.पी. या रेणूपासून. फॉस्फेट चिकटला म्हणजे बटण चालू. मग रॅस नावाचे प्रथिन जागे होते, ते पुढच्याला जागे करते, तो त्याच्या पुढच्याला, आणि शेवटी निरोप केंद्रकात पोचतो: ‘विभाजन करा.’

एवढे मध्यस्थ कशाला, असे तुम्ही विचाराल. हिशेब करून पहा. प्रत्येकाने पुढच्या दहांना जागे केले, तर चार पायऱ्यांत एकाचे दहा हजार होतात. दारावरची हलकी टकटक घरभर ऐकू जाते ती अशी. शिवाय प्रत्येक पायरीवर निरोप थांबवण्याची सोय करता येते, आणि ही सोय निरोपाइतकीच महत्त्वाची आहे. चिकटलेला फॉस्फेट काढून टाकणारी विकरे पेशीत सतत फिरत असतात. रॅसची तऱ्हा आणखी मजेशीर. जी.टी.पी. हा रेणू जवळ असेपर्यंत ते चालू असते, पण ते स्वतःच हळूहळू त्या रेणूचा एक फॉस्फेट तोडते आणि आपोआप बंद पडते. जिन्यातला दिवा थोड्या वेळाने आपला आपण विझावा, तसे. जखम भरली की वाढ-घटक येणे थांबते, बटणे बंद होतात, पेशी स्वस्थ बसतात.

बटण अडकते

रॅस प्रथिन कसे बनवायचे याची कृती डी.एन.ए.मध्ये लिहिलेली असते. त्यातील बाराव्या जागी ग्लायसिन हे सर्वांत लहान अमिनो आम्ल असते. कृतीतील एकच अक्षर बदलले तर त्या जागी दुसरे, मोठे अमिनो आम्ल येऊन बसते, आणि मग रॅसला जी.टी.पी. तोडणे जमत नाही. जिन्यातला दिवा जळतच राहतो. आपल्या डी.एन.ए.च्या एका संचात सुमारे ३०० कोटी अक्षरे आहेत. त्यांतील एका अक्षराचा हा प्रताप! १९८२ साली मूत्राशयाच्या कर्करोगातील पेशींत हा बदल प्रथम सापडला. पित्तनलिकेच्या कर्करोगातही तो अनेकदा दिसतो.

दुसरा बिघाड दाराशीच होतो. गुणसूत्र तुटून चुकीच्या ठिकाणी जोडले गेले की एफ.जी.एफ.आर.-२ या ग्राही प्रथिनाच्या जनुकाला भलत्याच जनुकाचा तुकडा शिवला जातो. त्यातून जे जोड-प्रथिन तयार होते, त्याच्या उपऱ्या शेपटीला जोडी जमवण्याची खोड असते. परिणामी बाहेर निरोप्या नसतानाही दोन ग्राही एकमेकांना बिलगून राहतात आणि आत सारखा निरोप जातो. यकृताच्या आतल्या नळ्यांचा कर्करोग झालेल्या शंभर रुग्णांपैकी सुमारे दहा ते पंधरा जणांत हा बिघाड असतो.

तिसरा बिघाड बटणाचा नव्हे, भट्टीचा आहे. आय.डी.एच.-१ हे विकर पेशीत अन्नापासून ऊर्जा व कच्चा माल मिळवण्याच्या कामातले. त्याच्या १३२ व्या जागचे अमिनो आम्ल बदलले की ते नेहमीच्या पदार्थापासून एक भलताच पदार्थ बनवू लागते. हा पदार्थ साठत जातो आणि डी.एन.ए.वरील खुणा पुसणाऱ्या विकरांना अडवतो. खुणा पुसल्या न गेल्याने पेशीला ‘आता तू मोठी झालीस, अस्तराचे काम कर’ हा धडा वाचताच येत नाही. ती पोरवयातच राहते आणि वाढत राहते.

अर्थात एक बटण अडकले की लगेच कर्करोग झाला, असे नाही. थांबवणाऱ्या यंत्रणाही निकामी व्हाव्या लागतात, आणि त्याला बहुधा वर्षे लागतात. म्हणून खरा प्रश्न असा, की या पेशींवर वर्षानुवर्षे विभाजन करण्याची पाळी येते कशामुळे? जितकी जास्त विभाजने, तितक्या डी.एन.ए.ची नक्कल करताना चुका जास्त.

खोटा निरोप देणारा पाहुणा

याचे उत्तर शोधायला कोराडीहून दूर, थायलंडच्या ईशान्य भागात जावे लागते. तेथील खोन केन प्रांतात पित्तनलिकेच्या कर्करोगाचे प्रमाण जगात सर्वाधिक आढळले आहे. कारण अर्ध्या ते एक सेंटीमीटर लांबीचा, पानासारखा चपटा एक कृमी. त्याची अंडी विष्ठेतून पाण्यात जातात, तेथे गोगलगाय ती खाते, गोगलगायीतून बाहेर पडलेली पिले रोहू-कटल्याच्या गणगोतातील लहान माशांच्या अंगात शिरतात. तेथील लोक असे मासे कच्चेच बारीक चिरून, लिंबू पिळून, मिरची लावून आवडीने खातात. लिंबाने मासा पांढरा पडतो, पण पिले मरत नाहीत. ती माणसाच्या पित्तनलिकेत जाऊन राहतात, तीही दहा-दहा वर्षे.

कृमी नळीला ओरबाडतो, जखम होते, दाह होतो, दुरुस्तीचे निरोप सुटतात, पेशी वाढतात. पुन्हा जखम, पुन्हा निरोप. एवढ्यावर हे थांबत नाही. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून असे दिसले, की हा कृमी स्वतःच एक वाढ-घटक बाहेर टाकतो आणि माणसाच्या पेशी त्याला प्रतिसाद देतात! म्हणजे घरात शिरलेला चोर घरमालकाच्या आवाजात नोकरांना हुकूम सोडतो म्हणायचे. त्याला यातून काय मिळते? नळीची डागडुजी होत राहते आणि त्याचे बिऱ्हाड टिकते, असा तर्क आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ साली या कृमीला कर्करोगकारक ठरवले. प्राझिक्वांटेल या औषधाने तो मरतो. पण कच्चे मासे खाणे सुरूच राहिले तर पुन्हा होतो. आपल्याकडे मासे तळून किंवा रश्श्यात चांगले शिजवून खातात, आणि उष्णतेपुढे या पिलांचा टिकाव लागत नाही. शिवाय हा कृमी मुळात मेकाँग नदीच्या परिसरातला.

कृमी हे एकच कारण नव्हे. नळ्यांचा जुनाट दाह, यकृतातील नळ्यांत झालेले खडे, हिपॅटायटिस बी व सी यांमुळेही धोका वाढतो. जपानमध्ये ओसाका येथील एका छापखान्यात शाई पुसण्यासाठी डायक्लोरोप्रोपेन हे द्रावण बंदिस्त जागेत वापरले जाई. तेथील तरुण कामगारांना हा रोग झाल्याचे २०१३ च्या सुमारास उघडकीस आले, आणि पुढच्याच वर्षी त्या रसायनाची गणना कर्करोगकारकांत झाली. ज्या खोलीत हवा खेळत नाही तेथे द्रावणे वापरणाऱ्या कोणाही कामगाराने ही गोष्ट ऐकून ठेवावी.

पेशींना बाटलीत वाढवणे

पेशीला कोणता निरोप पोचतो हे पाहायचे तर तिला शरीराबाहेर काचेच्या भांड्यात जगवावे लागते. आपल्या देशात हे तंत्र रुजवण्याचे श्रेय एका मराठी विदुषीकडे जाते. डॉ. कमल रणदिवे यांचा जन्म १९१७ साली पुण्यात झाला. मुंबईत डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९४९ साली डॉक्टरेट मिळवली, आणि मग अमेरिकेत बाल्टिमोर येथे जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत त्या पेशी वाढवण्याचे तंत्र शिकल्या. गाय यांच्याच प्रयोगशाळेत ‘हेला’ या जगप्रसिद्ध पेशी प्रथम वाढवल्या गेल्या. परत येऊन रणदिवे यांनी १९६० च्या दशकात मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. त्या केंद्राची परंपरा आज नवी मुंबईतील खारघर येथे टाटा स्मारक केंद्राच्या संशोधन संस्थेत चालू आहे.

काविळीची माळ आणि गेलेले दिवस

पित्तनलिकेत गाठ वाढून नळी तुंबली की बिलिरुबिन आतड्यात न जाता रक्तात उतरते. डोळे पिवळे, लघवी गडद, शौच मात्र पांढुरके मातीसारखे, आणि अंगाला खाज, अशी ही कावीळ. आपल्याकडे कावीळ झाली की गावोगावी ती ‘उतरवली’ जाते. डोक्यावर ठेवलेली माळ दोन-तीन दिवसांत लांब होत खाली येते. तिच्या गाठीच तशा सैल मारलेल्या असतात. झाडाच्या सालीचा रस हाताला लावून चुन्याच्या निवळीत हात धुतले की पाणी पिवळे होते. पण काही सालींतील द्रव्ये चुन्याने पिवळी पडतातच, मग माणसाला कावीळ असो वा नसो.

तरीही माळेने बरे वाटल्याचे लोक शपथेवर सांगतात, आणि ते खोटे बोलत नसतात. मुलांना व तरुणांना दूषित पाण्यामुळे होणारी कावीळ बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप बरी होते. श्रेय माळेला मिळते. हाच अनुभव आजोबांच्या बाबतीत मात्र घात करतो. नळी तुंबून झालेली कावीळ आपोआप जात नाही. ती सोनोग्राफीत बहुधा ओळखू येते. नळी खड्यानेही तुंबते, आणि तसे असेल तर उपाय सोपा. गाठ असेल, तर शस्त्रक्रियेने ती पूर्ण काढून टाकणे हाच बरे होण्याचा मुख्य मार्ग, आणि तो गाठ लहान व एका जागी असेपर्यंतच मोकळा असतो.

अडकलेल्या बटणावर औषध

गाठ काढता येत नसेल तेव्हा काय? २०१० साली ब्रिटनमधील एका मोठ्या चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. जेमसिटाबिन या एकाच औषधाने रुग्ण सरासरी ८.१ महिने जगत होते. त्याच्या जोडीला सिस्प्लॅटिन दिल्यावर ११.७ महिने. साडेतीन महिन्यांचा फरक! तुम्हांला तो किरकोळ वाटेल, पण डॉक्टरांना तो मोठा वाटला. यावरून हा रोग किती हट्टी आहे ते ध्यानात येईल. ही दोन्ही औषधे विभाजन पावणाऱ्या सगळ्याच पेशींना झोडपतात. बटण कोणते अडकले आहे, याच्याशी त्यांना कर्तव्य नसते.

२०२० साली अमेरिकेत पेमिगॅटिनिब या गोळीला मान्यता मिळाली. एफ.जी.एफ.आर.-२ च्या आतल्या भागात ए.टी.पी. बसण्याची एक खोबण असते. ही गोळी त्या खोबणीत जाऊन बसते. ए.टी.पी.ला जागा मिळत नाही, फॉस्फेट चिकटत नाही, निरोप थांबतो. चाचणीत या बिघाडाच्या सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या गाठी बऱ्याच आकसल्या. पुढच्या वर्षी आय.डी.एच.-१ च्या बिघाडावर आयव्होसिडेनिब आले. ज्याचे बटण दुसरेच अडकले आहे, त्याला या गोळ्यांचा उपयोग नाही. म्हणून आधी गाठीचा तुकडा काढून त्यातील जनुके वाचावी लागतात. हे वाचन आणि या गोळ्या, दोन्ही महाग आहेत.

आणि गाठही गप्प बसत नाही. काही महिन्यांनी एखाद्या पेशीत त्या खोबणीचाच आकार बदलतो. गोळी आत बसेनाशी होते, ए.टी.पी. मात्र बसते. ती एक पेशी तगते, वाढते, आणि तिच्या वंशजांची नवी गाठ होते. म्हणून संशोधकांनी खोबणीला कायमची चिकटून बसणारी फुटिबॅटिनिब ही दुसरी गोळी तयार केली. तिला अमेरिकेत २०२२ साली मान्यता मिळाली. खोबण कधी व कशी बदलली हे ओळखण्यासाठी दर वेळी यकृतात सुई घालावी लागू नये, म्हणून मेलेल्या गाठपेशींतून रक्तात सांडलेले डी.एन.ए.चे तुकडे वाचण्याची पद्धतही वापरात येऊ लागली आहे. त्यासाठी दंडातून काढलेले थोडेसे रक्त पुरते.